नदीनं पाखडलेला काळ

दोरी सोडायची नाही. होडीवर कप्तानानं दिलेल्या साऱ्या सूचनांपैकी आता एवढीच तुमच्या डोक्यात उरली आहे. दोन्ही हातांनी नांगराची दोरी धरून तुम्ही खाली सरकताय आणि पाण्याची ओढ तुमचं अंग त्या दोरीपासून आडवं ताणतेय. वरच्या हातभर पाण्यात ऊन तपकिरी होतं, मग तांबडं झालं, पुरुषभर खोली गेली आणि दिसायचंच बंद झालं. पाणी घाण नाही. सायप्रसच्या दलदलींतला पालापाचोळा वर्षानुवर्षं कुजतो, त्यातलं टॅनिन नदीत उतरतं आणि उजेड पिऊन टाकतं.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन बंदराच्या वरच्या अंगाला, कूपर नदीत तुम्ही आहात. समुद्र इथून बराच खाली आहे, पाणी गोडं आहे, तरी भरती-ओहोटी इथवर पोचते. ओहोटीला नदीचा लोट आणि समुद्राची ओढ एकाच दिशेनं लागतात, तेव्हा शहाणं माणूस उतरत नाही. भरती सरत आली की पाणी थोडा वेळ थबकतं. कप्तानानं तुम्हाला त्याच्या जरा आधी सोडलंय, म्हणजे ती थबकलेली वेळ तळाशी हाताला लागेल.

तळ आधी गुडघ्यांना कळतो. खोलीमापकावर 11 मीटर. कमरेला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शिसं बांधलंय, कारण इथे पोहत नाहीत, रांगतात. उजव्या हातात एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर आहे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच. तो तळात खुपसायचा, त्याच्या आधारानं अंग पुढे ओढायचं, पुन्हा उपसून पुन्हा खुपसायचा. खणायला तो नाही. खणायची इथे परवानगीच नाही. तळावर उघडं पडलेलं असेल तेच हातानं उचलायचं, आणि त्यालाही राज्याचा परवाना लागतो.

मगरी आहेत का, हे उतरण्याआधी सगळेच विचारतात. आहेत. पण अॅलिगेटर काठाला आणि वर वर असतात. इथल्या डायव्हरांना खरी धास्ती वाटते ती बुडालेल्या झाडांची आणि त्यांच्या फांद्यांत गुरफटलेल्या तंगुसाची. पायाला बांधलेली सुरी त्यासाठी.

दिव्याचा उजेड दोन हातांपलीकडे जात नाही. तेवढ्या वर्तुळात आधी नुसती वाळू सरकताना दिसते, मग कडक चिकणमाती, आणि मग अचानक खडी. डायव्हर ज्यासाठी येतात ती हीच रेवेची पट्टी. नदी इथे पाखडायला बसलेली आहे. सुपातून फोल उडावं आणि दाणा मागे राहावा तसा बारीक गाळ प्रवाह घेऊन जातो आणि जड ते तळाला राहतं: दगड, हाडं, दात, बाटल्यांचे बूड, खापरं. काठावरच्या कड्यात काळ थरांनी असतो, खालचं आधीचं, वरचं नंतरचं. नदीनं ते थर खालून पोखरले, आतलं सगळं तळावर सांडवलं आणि आता ती ते काळाच्या क्रमानं नाही, वजनाच्या क्रमानं ठेवते. त्यामुळे तुमचा प्रवासही सरळ मागे मागे जाणारा नसेल. हाताला जे लागेल त्या काळात जायचं.

पहिलं लागतं ते बोटभर लांब, चौकोनी, उभ्या खाचा असलेलं. वरच्या सपाट बाजूवर नागमोडी रेघा. दाढ आहे, घोड्याची.

पाणी ओसरतं. तुम्ही त्याच जागी उभे आहात, पण गेल्या हिमयुगाच्या भर थंडीत, सुमारे 20,000 वर्षांपूर्वी. उत्तरेकडच्या बर्फानं जगातलं एवढं पाणी अडवून धरलंय की समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशेएक मीटर खाली गेला आहे. चार्ल्सटनला बंदर नाही, किनारा पूर्वेला कितीतरी दूर सरकलाय आणि मधल्या उघड्या पठारावर गवत आणि विरळ पाइन आहेत. वारा कोरडा, नाक सोलणारा. समोरून घोड्यांचा कळप जातो. पलीकडे मॅमथ, आणि झाडीच्या कडेला मॅमथपेक्षा बुटका, ओबडधोबड मॅस्टोडॉन फांद्या मोडतो आहे. हे घोडे इथलेच, याच खंडात घडलेले. हिमयुग संपताना ते नाहीसे होतील आणि अमेरिकेत पुन्हा घोड्याच्या टापा वाजायला स्पॅनिश लोकांची गलबतं यावी लागतील. कूपरच्या तळाशी घोड्याच्या दाढा पुष्कळ मिळतात म्हणून डायव्हर त्यांच्याकडे जरा दुर्लक्षच करतात. मला विचाराल तर शार्कच्या दातासाठी जीव टाकणाऱ्यांनी एकदा ही दाढ नीट पाहावी. गवत खाऊन खाऊन झिजलेली तिची माथ्याची बाजू त्या जनावराचं वय सांगते.

ती जाळीच्या पिशवीत टाकून तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर पुढे खुपसता. टोकाला काहीतरी पोकळ वाजतं.

खापर आहे. तळहाताएवढं, भाजलेल्या मातीचं, जाड, झिलई नसलेलं, चाकावर न फिरवता हातानं थापलेलं. दिव्यासमोर उलटं करता तर बुडाच्या बाहेरून कुणीतरी टोकदार वस्तूनं दोन रेघा एकमेकींवर आडव्या ओढलेल्या. फुली.

आता 1760च्या सुमाराचं साल आहे आणि तुम्ही मांडीपर्यंत चिखलात उभे आहात. उन्हाळा, डास, कुजका वास. तुमच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत, पश्चिम आफ्रिकेतून आणि काँगोच्या बाजूनं धरून आणलेली, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. सायप्रसचं जंगल त्यांनीच तोडलं, बुंधे त्यांनीच उपटले, नदीला समांतर मातीचे बांध त्यांनीच घातले. फावडं, टोपली आणि पाठ, याशिवाय साधन नाही. इथल्या मळ्यांवर संशोधन केलेले पुरातत्त्वज्ञ लीलँड फर्ग्युसन यांच्या हिशोबानं, कूपरच्या नुसत्या ईस्ट ब्रँच या फाट्यावर असे जवळजवळ 88 किलोमीटर बांध उभे राहिले. पिरॅमिड बघायला लोक इजिप्तला जातात. हे बांध गवताखाली पडून आहेत आणि होडीतून जाताना नुसती लांबट उंचवट्यासारखी रेघ दिसते.

बांधात लाकडी उघाडी बसवलेली आहे. कोकणातल्या खारबंदिस्तीत असते तीच युक्ती, फक्त तिथे खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि इथे गोडं पाणी आत घ्यायचं. भरतीचं खारं पाणी समुद्राकडून वर रेटलं की त्याच्या पुढे आणि त्याच्या अंगावर नदीचं गोडं पाणी चढतं. नेमक्या त्या घटकेला उघाडी उचलायची, खाचर भरून घ्यायचं, पाडायची. ओहोटीला पुन्हा उचलून निचरा. घटका चुकली, उन्हाळ्यात नदी आटून खारेपणा वर सरकला, तर भात जळालं. म्हणजे ज्या भरती-ओहोटीवर तुमचा जीव आत्ता टांगलेला आहे, तिच्यावरच हे सारं शेत चालतं. आणि ती ओळखणारं माणूस मळ्याच्या मालकाच्या घरात नाही, या चिखलात आहे. भाताचं ज्ञान आफ्रिकेतून आलेल्या लोकांकडे होतं, हे आता पुष्कळ अभ्यासक मान्य करतात. किती आणि कोणतं, यावर वाद चालू आहे. बांधापलीकडे बायका उखळात मुसळांनी भात कांडताहेत आणि गवताच्या विणलेल्या रुंद पाट्यांतून पाखडताहेत. ते विणकाम चार्ल्सटनच्या बाजारात आजही चालू आहे. भाताचा पैसा मात्र नदीच्या खालच्या तोंडाशी, चार्ल्सटनमध्ये जमा झाला. मेपकिनसारखे मळे हेन्री लॉरेन्ससारख्या माणसांचे. हा गृहस्थ गुलामांच्या व्यापारात गब्बर झाला आणि पुढे काँटिनेंटल काँग्रेसचा अध्यक्षही झाला. मेपकिनच्या जागी 1949पासून ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे, तिथे आता फार शांतता असते.

याच मुलखात, स्टोनो नावाच्या ठिकाणी, 1720च्या दशकात जमिनीतून काही प्रचंड दाढा निघाल्या होत्या. इंग्रज निसर्गअभ्यासक मार्क केट्सबी त्या वेळी कॅरोलायनात होता. त्यानं लिहून ठेवलंय की आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामांना त्या दाखवल्या तेव्हा सगळ्यांनी एकमतानं सांगितलं, या हत्तीच्या. होत्या मॅमथच्या. हत्तीच्या कुळातलं जनावर त्यांनी दाढेवरून अचूक ओळखलं, कारण त्यांनी हत्ती पाहिले होते. युरोपात जमिनीत सापडणाऱ्या शार्कच्या दातांना शतकानुशतकं सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत आले होते. 1666 साली फ्लॉरेन्सात निकोलस स्टेनोनं एका मोठ्या शार्कचं डोकं फाडून त्याचा जबडा नीट पाहिला, तेव्हा कुठे त्या जिभा दात आहेत हे पक्कं झालं. स्टेनोचं नाव भूशास्त्राच्या पहिल्या धड्यात असतं. स्टोनोच्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव केट्सबीनं लिहिलं नाही.

खापरावरची फुली अंगठ्याला लागते आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

पाण्याची ओढ मंदावली आहे. बुडबुडे आता तिरके न जाता सरळ वर जाताहेत. टाकीत निम्म्याहून कमी हवा. रेवेतले काळे गोटे चाळताना त्यातला प्रत्येक गोटा दातासारखाच भासतो. बहुतेक फॉस्फेटचे आहेत, भोकाभोकांचे, हाताला जड. एक मोडून पाहिलात तर वास येईल, आणि त्या वासात 1870चं दशक आहे. यादवी युद्ध संपलं, गुलामी कायद्यानं गेली, भाताचे मळे मोडकळीला आले, आणि 1867पासून चार्ल्सटनच्या आसपास हाच काळा दगड खणून काढायचा धंदा सुरू झाला. गंधकाम्ल घालून त्याचं खत करायचं. कालपर्यंत गुलाम असलेली माणसं कुदळ-फावडं घेऊन खड्ड्यांत उतरली. दक्षिणेकडच्या नद्यांत तर होडीतून लांब चिमट्यांनी आणि बुड्या मारून दगड वर काढला जाई. टाकी नाही, दिवा नाही, श्वास छातीत मावेल तेवढाच. तुम्ही छंद म्हणून जे करताय ते कुणीतरी मजुरी म्हणून तुमच्याआधी केलंय. दगडाबरोबर दातही येत. मोठे, देखणे हौशी लोकांनी आणि संग्रहालयांनी उचलले. बाकीचे गिरणीत दळले जाऊन शेतांत पडले असणार, कारण दातही शेवटी फॉस्फेटच. 1893च्या चक्रीवादळानं आणि फ्लोरिडात सापडलेल्या स्वस्त साठ्यांनी तो धंदा बसवला.

तुमच्या अंगावर आत्ता जे पाणी वाहतंय तेही या माणसांच्या वेळचं नाही. 1942 सालापर्यंत कूपर म्हणजे जवळजवळ भरतीची खाडीच होती; तिचा स्वतःचा विसर्ग सेकंदाला जेमतेम 2 घनमीटर. मग विजेसाठी पिनोपोलिसचं धरण झालं आणि शेजारच्या सँटी नदीचं बहुतेक पाणी तिच्यात वळवलं. विसर्ग सुमारे 440 घनमीटरांवर गेला. त्या पाण्यानं आणलेल्या गाळानं चार्ल्सटनचं बंदर भरायला लागलं, म्हणून 1985 साली बरंचसं पाणी नव्या कालव्यानं परत सँटीत सोडलं. तरीही जे उरलं ते तुम्हाला दोरीवर आडवं करायला पुरेसं आहे.

आणि मग, एका बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला, जिथे खडी दाटून बसली आहे, तिथे एक सरळ कड दिसते. निसर्गात सरळ कडा फार नसतात. तुम्ही बोट लावता. करवतीचे बारीक, एकसारखे दाते नखाला जाणवतात.

तो निघतो तेव्हा तळहात भरून जातो. काळा, चकाकता, त्रिकोणी. वर खडबडीत, दोन फाट्यांचं मूळ आणि मुळाच्या खाली गडद पट्टा. मेगॅलोडॉन. या शार्कचा मोठ्यात मोठा दात 18 सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. तुमचा त्याहून लहान आहे, पण आता तुमचा श्वास टाकीच्या हिशोबाला जुमानत नाही.

सुमारे 40 लाख वर्षं मागे. डोक्यावरचं काळं पाणी निवळतं, हिरवं होतं, निळं होतं. जग आजच्यापेक्षा उबदार आहे, ध्रुवांवर बर्फ कमी, आणि समुद्र कॅरोलायनाच्या आत, आजच्या ऑरेंजबर्गपर्यंत पसरलेला. चार्ल्सटन, मळे, मठ, धरण, सगळ्यांच्या जागेवर उथळ, उजेडाचं खारं पाणी. तळावर शिंपल्यांचे खच. वर एक छोटा देवमासा, आजच्या निळ्या देवमाशापुढे अगदीच किरकोळ, श्वास घ्यायला निघालाय.

खालून येणारी सावली तुम्हाला आधी तळच हलल्यासारखी वाटते. पंधरा मीटरांहून लांब अंग, शेपटीचा एक फटकारा, आणि जबडा देवमाशाच्या बरगड्यांवर मिटतो. आवाज पाण्यातून छातीत जाणवतो. मेगॅलोडॉन कसा दिसत होता हे नेमकं सांगणं अवघड आहे, कारण शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. उरतात दात आणि क्वचित मणके. सिनेमावाल्यांनी त्याला जाडजूड पांढरा शार्क करून टाकलंय आणि कुठल्याशा खोल दरीत अजून जिवंतही ठेवलंय. 36 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास तो संपला. खोल, थंड, उपाशी पाण्यात एवढं धूड जगणार कशावर? त्याचं भक्ष्य वर, उजेडात श्वास घ्यायला येणारं होतं.

जबडा हलतो, हाडावर घासतो, आणि समोरचा एक दात निखळतो. त्यानं शार्कचं काही बिघडत नाही. जबड्यात एका वेळी अडीचशेच्या वर दात, ओळींमागे ओळी. पुढचा गेला की मागचा पुढे सरकतो, आयुष्यभर. म्हणून तर इतके दात सापडतात. तुमच्या हातातला दात हा मेलेल्या राक्षसाची खूण नाही. त्याचा मालक तेव्हा जिवंत होता, जेवत होता, आणि हा पडल्यावरही जेवत राहिला. दात तळाशी गेला, गाळात रुतला, पाण्यातली खनिजं त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून तो काळा झाला. पुढे समुद्र हटला, परत आला, परत हटला, नदीनं थर पोखरला आणि त्याला गलबतांच्या बाटल्यांशेजारी आणून ठेवलं.

तुमच्या गुडघ्याखाली जो फिकट, घट्ट थर आहे तो याहूनही जुना, 2 कोटी 80 लाख वर्षांच्या आसपासचा. त्यात मेगॅलोडॉन नाहीत, त्यांचे पूर्वज आहेत, कडांना छोटे उपदात असलेले. त्याहून थोड्या अलीकडच्या थरात 1983 साली, चार्ल्सटनच्या विमानतळाची नवी इमारत बांधताना, पेलागॉर्निस सँडर्सी या समुद्रपक्ष्याची हाडं निघाली. पंखांचा पसारा सहा मीटरांहून जास्त. विमानतळासाठी याहून योग्य जागा सापडली नसती. पण तिकडे जायला आता हवा नाही. काटा लाल पट्टीकडे सरकलाय आणि पाठीवर पाण्याचा पहिला हलका धक्का लागतो, उलट्या बाजूनं. ओहोटी लागली.

वर जाताना घाई करायची नाही. पाचएक मीटरांवर थांबून रक्तातला नायट्रोजन निघून जाऊ द्यायचा. त्या थांब्यात पाणी तुम्हाला वाहवत नेतं, होडी तुमच्या फुग्याच्या मागे येते. डोकं बाहेर काढता तर प्रकाश डोळ्यांत खुपतो आणि कप्तान आधी पिशवीकडे बघतो, मग तुमच्याकडे.

दात पाहून सगळे ओरडतात. पाळीपाळीनं हातात घेतात, मोजपट्टी लावतात, किंमत सांगतात. असे दात हजारो डॉलरांनाही जातात. घोड्याची दाढ बाकड्यावर लोळते. खापर कुणी मागत नाही.

परवान्याबरोबर एक जबाबदारी येते: काय सापडलं, कुठे सापडलं, याचा अहवाल ठराविक मुदतीत पाठवायचा. माणसानं घडवलेल्या वस्तूंचा अहवाल साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरातत्त्व संस्थेकडे जातो. पुष्कळ डायव्हरांना हा कटकटीचा भाग वाटतो. पण फर्ग्युसन यांना एक गोष्ट अशाच नोंदींतून आणि पाण्यातून आलेल्या भांड्यांतून लक्षात आली. बुडावर फुली असलेल्या, हातानं थापलेल्या वाडग्यांपैकी बरेचसे मळ्यावरच्या झोपड्यांच्या जागी नव्हे, भाताच्या मळ्यांसमोरच्या नदीत सापडत होते. काँगोच्या लोकांत फुलीच्या आडव्या रेघेला जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधलं पाणी मानतात. वाडगे चुकून पडलेले नाहीत, कुणीतरी विधी म्हणून नदीला दिले असावेत, असा त्यांचा तर्क. तो सगळ्यांना पटलेला नाही; फुली म्हणजे नुसती मालकीची खूण असेल, असंही काही म्हणतात. ते काहीही असो, तर्क करायला आधी कुणीतरी प्रत्येक खापराची जागा लिहून ठेवावी लागली.

ओल्या बोटांनी तुम्ही अर्ज मांडीवर घेता. दाताची ओळ चटकन भरून होते, त्याची मूळ जागा केव्हाच सुटलेली आहे. खापराशी पेन अडतं. समोरच्या काठावर कुणाचा मळा होता, तुम्ही कप्तानाला विचारता. तो नाव सांगतो. ते लिहून तुम्ही पुन्हा विचारता, जुनी उघाडी नेमकी कुठे होती, आणि आपण तिच्यापासून किती अंतरावर होतो.